बाबांचा सीटी झालाय, आता एमआरआय सांगितलाय, आणि चुलतभाऊ म्हणतो थेट पेट स्कॅनच करा

राजेंद्रनगरवाला

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. जन्मभर खरादवर (लेथ मशीनवर, लोखंड कातायचं) काम केलं, आधी मिलच्या वर्कशॉपात आणि मिल बंद पडल्यावर पोलोग्राउंडला एका कारखान्यात. हात असा की आत्ता-आत्तापर्यंत घरच्या नळाचा वायसर बाहेरच्या माणसाने बदललेला चालायचा नाही. गेल्या सात-आठ महिन्यांत चाल पार बिघडली. पाय उचलतच नाहीत, घासत चालतात, आणि उंबऱ्याशी आले की जागीच थबकतात, फरशीला फेविकॉल लावल्यासारखं. थोडं विसरतातही. माणसं ओळखतात, मिलमधल्या गोष्टी तारीखवार सांगतात, पण सकाळी पोहे खाल्ले का विचारलं तर बघत राहतात आणि उत्तर यायला इतका वेळ लागतो की आपणच दुसरं काही बोलायला लागतो. तिसरी गोष्ट आईने परवा हळूच सांगितली, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले होतात. हे बाबांनी तिला कुणाला सांगू दिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी जिन्यात पाय घसरून पडले, तेव्हा त्याच संध्याकाळी सीटी केला होता. रक्तस्राव नाही, वयाप्रमाणे मेंदू आकसलाय, एवढंच लिहिलं होतं. आता तीन महिन्यांनी न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी चालायला लावलं, हात-पाय हलवून पाहिले, काही आकडे उलटे म्हणायला लावले आणि पर्चीवर एमआरआय लिहून दिला. बाहेर चाळीस माणसं बसलेली, मला काही विचारायचं सुचलंच नाही.

तर सीटी झालेला असताना परत एमआरआय कशाला? चुलतभाऊ म्हणतो की पेट स्कॅन सगळ्यात वरचा, तोच एकदा करून टाका, बाकी सगळे पैसे वाया. आणि बाबा त्या बोगद्याला घाबरतात. म्हणतात मला जिवंतपणी भट्टीत घालू नका.

---

स्कॅनरूम_१४वर्षं

दादा, बाकीचं सगळं नंतर. बाबा खरादवर होते म्हणता, तर त्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का? आजच विचारा, आईलाही विचारा, कारण पुरुषमंडळी असल्या गोष्टी विसरतात.

मी इंदुरातच एमआरआय टेक्निशियन आहे. आम्ही फॉर्म भरून घेतो त्यात हा प्रश्न असतो, पण नातेवाईक सरळ खाली सही करून मोकळे होतात. खराद, ग्राइंडर, वेल्डिंग असं काम केलेल्याच्या डोळ्यात बारीक कण रुतून राहिलेला असू शकतो, वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण चुंबकाजवळ गेला की हलू शकतो आणि मग नजर जाण्याची भीती. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढतात, त्यात धातू दिसतो. दिसला नाही तर पुढे जायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता भट्टीबद्दल. आत काहीही गरम नसतं, उलट एसीने थंडी वाजते, पांघरूण मागून घ्या. मेंदूसाठी डोक्यावर हेल्मेटसारखा पिंजरा बसवतात त्याला कॉइल म्हणतात, लोक खरे त्यालाच घाबरतात. डोळे उघडे ठेवून आत गेलं की छत नाकाशी आलेलं दिसतं आणि माणूस हात-पाय झाडायला लागतो, म्हणून बाहेर असतानाच डोळ्यांवर रुमाल ठेवायला सांगा. हातात दाबायला रबरी फुगा देतात, दाबला की आम्ही लगेच बोलतो. घरच्या एका माणसाला आत बसू देतात, त्याचीही तपासणी करून. आवाज फार असतो, ठकठक, मग करवतीसारखा, कानात बोळे देतात. मिलमध्ये काम केलेल्या माणसाला तो आवाज काहीच नाही, हे त्यांना सांगून बघा. वीस मिनिटं ते पाऊण तास. एक आजोबा आत पूर्ण रामरक्षा मनात म्हणत होते, बाहेर आल्यावर म्हणाले दोनदा झाली.

पेसमेकर आहे का, कवळी आहे का, कानात मशीन, अंगावर औषधाची पट्टी, हे सगळं सांगायचं. आणि जानव्याला किल्ली बांधायची सवय असेल तर ती काढा. हसू नका, महिन्यातून एक तरी सापडतो.

---

राजेंद्रनगरवाला

ताई/दादा जे असाल ते, तुमचे पाय कुठे आहेत. आईला विचारलं तर ती म्हणाली, हो ना, तू दुसरीत होतास तेव्हा आठ दिवस पट्टी होती डोळ्याला, काढला होता तो कीस. बाबांना विचारलं तर म्हणाले "त्याला काय होतंय". फॉर्ममध्ये मी नक्की "नाही" लिहिलं असतं.

---

स्कॅनरूम_१४वर्षं

ताई 🙂

"काढला होता" वर जाऊ नका, पूर्ण निघाला की नाही ते एक्स-रेच सांगेल. आणि किल्ली?

---

राजेंद्रनगरवाला

आहे. गोदरेजच्या कपाटाची.

---

छप्पनचा_शिकंजी

भिया, बुरं मानू नका पण हे सगळं कमिशनचं चक्कर आहे. आमच्या वडिलांच्या वेळी एक सीटी, एक एमआरआय, मग शिरेत औषध देऊन काढतात तो कॉन्ट्रास्टवाला एमआरआय, शेवटी काय तर बी-ट्वेल्व कमी. आधीचे डॉक्टर नाडी बघून सांगायचे.

---

कॅटवाले_काका

शिकंजीभाऊ, नाडी बघून सांगायचे ते आम्हीही पाहिलंय, आणि त्यात गेलेली माणसंही पाहिलीत. बी-ट्वेल्वचं मात्र खरं आहे, ती रक्ताची तपासणी स्वस्त आहे आणि आधी व्हायला हवी.

मी डॉक्टर नाही. सुखनिवासच्या कॅटमधून (ती सरकारी संशोधन संस्था, कॅट स्कॅनशी संबंध नाही) निवृत्त झालोय, चुंबकांशी आयुष्य गेलं, म्हणून यंत्र काय बघतं तेवढं सांगतो, कारण चुलतभावाच्या "सगळ्यात वरचा" या शब्दातच घोटाळा आहे. ही यंत्रं म्हणजे एकावर एक चढत गेलेले मजले नव्हेत. तिघं तीन वेगळ्या गोष्टी बघतात.

सीटी म्हणजे एक्स-रेच, पण डोक्याभोवती फिरवून घेतलेले, आणि मग गणिताने आतला आडवा काप तयार करायचा. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरने हे केलं, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विम्बल्डनमधल्या ऍटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ते एका रेकॉर्ड आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरीला होते आणि गंमत म्हणजे कधी रीतसर युनिव्हर्सिटीत गेले नव्हते. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ऍलन कॉर्मॅकना मिळालं. सीटीला ताजं रक्त आणि हाड लख्ख दिसतं आणि काम मिनिटभरात होतं, म्हणून डोक्याला मार लागला किंवा लकव्याचा झटका आला की आधी सीटी. झटका रक्त साकळून आलाय की रक्त फुटून, हे कळल्याशिवाय रक्त पातळ करणारं औषध देताच येत नाही.

एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीतच, त्यामुळे "परत रेडिएशन" ही भीती काढून टाका. आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचा प्रोटॉन म्हणजे चिमुकलं चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवलं की ते ओळीने उभे राहतात, रेडिओ लहरीचा धक्का दिला की कलंडतात आणि परत उभे राहताना स्वतःच बारीकसा सिग्नल सोडतात. कोणत्या पेशीसमूहातलं पाणी किती वेगाने परत उभं राहतं त्यावरून चित्र. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाण्याच्या दोन नळ्यांचं चित्र काढून सुरुवात केली, २००३ मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफील्डना नोबेल. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. त्याची तार द्रव हेलियममध्ये बुडवून उणे २६९ अंशांवर ठेवलेली असते, त्या तपमानाला विजेला विरोधच राहत नाही, प्रवाह एकदा सोडला की फिरत राहतो. म्हणून लाइट गेली तरी चुंबक चालूच असतं. हे लोकांना कळत नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला तो याच गैरसमजातून. ताई किल्लीसाठी उगाच ओरडत नाहीयेत.

पेटमध्ये रचना बघायचीच नसते, काम बघायचं असतं. थोडी किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग किती साखर खातोय ते बघतात. वजनात मेंदू शरीराच्या दोन टक्के पण खर्च करतो वीस टक्के ऊर्जा, घरातल्या कॉलेजच्या पोरासारखा. त्या साखरेतल्या फ्लोरीन-१८ चं अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे सकाळी बनवलेलं दुपारपर्यंत पाव राहतं, ते साठवून ठेवता येत नाही, ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून निघाल्यावर धावपळच. महाग असण्याचं एक कारण ते.

---

सुदामानगरची_सून

काकांनी छान सांगितलं. मी घरातला अनुभव सांगते.

सासूबाईंना चार वर्षांपूर्वी उजवा हात कापायला लागला, वाटीतली आमटी सांडायची, अक्षर इतकं बारीक झालं की दूधवाल्याचा हिशोब त्यांचा त्यांनाच वाचता येईना. एमआरआय केला आणि रिपोर्ट नॉर्मल. आम्ही खूश, पेढे काय वाटले. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले पार्किन्सन्स आहे, गोळ्या सुरू करूया. मी तर भांडलेच, की अहो रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग कशावरून. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो केला कारण तसंच दिसणारं दुसरं काही नाही ना, गाठ, जुने छोटे झटके, ते बघायचं होतं. निदान त्यांनी हाताच्या कंपावरून, चालताना एक हात न हलण्यावरून, चेहऱ्यावरून केलेलं होतं.

नणंदेला पटेना, ती बडोद्याला असते, तिने तिकडे दुसरं मत घेतलं तर त्या डॉक्टरांनी ट्रोडॅट नावाचा स्कॅन सुचवला. त्यात टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन देतात आणि डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींची टोकं किती शिल्लक आहेत ते दिसतं. निरोगी माणसात दोन स्वल्पविराम दिसतात, एक इकडे एक तिकडे, आईंच्या चित्रात शेपट्या झडून नुसते टिंब राहिले होते. मला ते चित्र बघून फार वाईट वाटलं. पण खरं सांगू, गोळी सुरू केल्यावर महिनाभरात त्यांनी परत रांगोळी काढली होती, ते आम्हाला आधीच कळलं होतं, स्कॅन नंतर झाला. म्हणजे तो नणंदेसाठी केला म्हणायचा.

तेव्हा दादा, तुमच्या बाबांचा एमआरआय नॉर्मल आला तर पेढे वाटू नका आणि काही आलं तर रिपोर्टच्या भाषेने घाबरूनही जाऊ नका.

---

मांडवीचा_फिजिशियन

बडोद्याहून. फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, आणि पेशंट पाहिल्याशिवाय निदान करणारा माणूसही नाही. पण मूळ प्रश्नात तीन गोष्टी ज्या क्रमाने लिहिल्यात तो क्रम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, आणि माझी खात्री आहे की तुमच्या न्यूरोवाल्यांनीही त्या चाळीस माणसांच्या गर्दीत नेमकं तेच टिपलं असणार.

आधी चाल, मग विसरणं, मग लघवी. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. या चालीला आमच्याकडे नावच मॅग्नेटिक गेट आहे, काकांच्या चुंबकाशी काही संबंध नाही. हे तिन्ही एकत्र आले की डोक्यात एक नाव येतं, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, तोंडाने सगळे एनपीएच म्हणतात. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यातलं पाणी नीट जिरत नाही, पोकळ्या फुगतात आणि शेजारून जाणाऱ्या तारा ताणल्या जातात. १९६५ मध्ये हकीम आणि ऍडम्स यांनी याचं वर्णन केलं. यात जीव गुंतवण्यासारखं हे की विसरण्याच्या आजारांपैकी हा एक असा आहे ज्यात ऑपरेशनने, नळी बसवून पाणी पोटात वळवून, माणूस सुधारू शकतो. आणि सगळ्यात चांगली सुधारते ती चालच.

आता "सीटी झाला होता ना" याचं उत्तर. मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात, कारण रिकामी जागा पाणी भरून काढतं. पाणी तुंबलं तरी पोकळ्या मोठ्याच दिसतात. घाईच्या रात्री, पडलेल्या माणसात, रेडिओलॉजिस्ट रक्त आहे का एवढंच बघत असतो आणि ७४ वर्षांच्या माणसाला "वयाप्रमाणे" लिहून पुढे जातो, त्यात त्याची चूक नाही, त्याला विचारलेलंच तेवढं. फरक कळायला माथ्याजवळच्या घड्या बघायच्या, आकसलेल्या मेंदूत त्या रुंद होतात, एनपीएचमध्ये दाटीवाटीने दाबलेल्या दिसतात. एमआरआयमध्ये उभा, आडवा, समोरून असे सगळे काप मिळतात, तिथे हे नीट कळतं. म्हणून पर्चीवर डॉक्टरांनी नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहिलं असेल तर त्यांच्याकडून लक्षणंही लिहून घ्या. कशासाठी बघायचंय हे माहीत असलेला रेडिओलॉजिस्ट वेगळा रिपोर्ट देतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी शक्यता. ते पडले त्याच संध्याकाळचा सीटी आहे. म्हाताऱ्या माणसात डोक्याला मुका मार लागल्यावर कवटी आणि मेंदूच्या मधली बारीक शीर थेंब-थेंब गळत राहते आणि तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी तिथे रक्ताचं डबकं झालेलं असतं. सबड्युरल म्हणतात. पहिल्या दिवशीच्या सीटीत ते दिसणारच नाही. चाल पडण्याच्या आधीपासून बिघडलीय म्हणजे हे एकमेव कारण नसावं, पण वर भर पडली असेल तर पाहायला हवं. अचानक झोपाळू वाटले, एक बाजू लुळी वाटली किंवा उलट्या झाल्या तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीला न्या.

पेटबद्दल. अल्झायमर आणि इतर प्रकारचे स्मृतिभ्रंश वेगळे करायला कधीकधी कामाला येतो, मागचे-बाजूचे भाग साखर कमी खाताना दिसतात. पण तुमच्या घरच्या प्रश्नाचं ते पहिलं उत्तर नाही. पहिल्याच पायरीला तो केला आणि त्यात "कमी काम करणारे भाग" दिसले तर तुम्ही अल्झायमर समजून गप्प बसाल आणि तुंबलेलं पाणी तसंच राहील, मला भीती त्याची वाटते.

जुन्या सीटीची फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. नुसता कागद नको. आणि हो, बी-ट्वेल्व, थायरॉइड, शिकंजीभाऊंना शंभर टक्के पाठिंबा.

---

लष्कर_ग्वाल्हेर

थोडं विषयांतर. माझ्या भाच्याला मागच्या वर्षी फिट आली, ईईजी नॉर्मल आला म्हणून घरचे म्हणाले काही नाही, नजर लागली. ईईजी मेंदूतली वीज मोजतो, फिट नसताना मोजला तर नॉर्मल येऊ शकतो, हे नंतर कळलं. एमआरआयमध्ये कड्यासारखा गोल आणि आत एक ठिपका दिसला, तो ठिपका म्हणजे फीतकृमीच्या अळीचं डोकं. आमचं घर शुद्ध शाकाहारी, आजी तर म्हणाली मशीन खोटं बोलतंय. पण या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातावरून पोटात जातात. औषधांनी मुलगा बरा आहे.

---

छप्पनचा_शिकंजी

ठीक आहे, कमिशनवालं मागे घेतो. अर्धं.

---

राजेंद्रनगरवाला

अकरा दिवसांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचे मेसेज आईला वाचून दाखवले होते.

पहिल्यांदा डोळ्याचा एक्स-रे. डाव्या डोळ्यापाशी काहीच नाही, पूर्ण निघालेला होता. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, सांगितलं होतं ना. मग एमआरआय. किल्ली आदल्या रात्री आईने काढून पदराला बांधली आणि सकाळी विसरून तशीच सेंटरवर आली, दारातच अडवलं तिला. रुमाल डोळ्यांवर ठेवून गेले, मी आत पायाशी बसलो होतो, पायाला हात लावून. बाहेर आल्यावर म्हणाले, आमच्या रिंग फ्रेमच्या खात्यापुढे हे काय. तेवढ्यात झोपही काढली होती म्हणे.

रिपोर्टमध्ये पोकळ्या मोठ्या, माथ्याजवळच्या घड्या दाटलेल्या, सबड्युरल नाही, आणि "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस", म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याच्या खुणा, ज्याने माझं धाबं दणाणलं पण डॉक्टर म्हणाले या वयात थोडे असतातच, बीपी सांभाळा. जुन्या सीटीची सीडी लावून त्यांनी दोन्ही शेजारी दाखवले. खरं तर सीटीतही पोकळ्या तशाच दिसत होत्या, आता सांगितल्यावर मलाही दिसल्या.

पुढच्या मंगळवारी कमरेत सुई घालून मेंदू-कण्यातलं हेच पाणी थोडं काढून बघणार आहेत, तीस ते पन्नास मिली. काढण्याआधी आणि काढल्यावर चालायला लावून व्हिडिओ घेणार, फरक पडला तर नळीचं ऑपरेशन. डॉक्टरांनी घरच्या चालीचाही एक व्हिडिओ मागितलाय. काल हॉलमध्ये सोफ्यापासून देवघरापर्यंत चालवलं, एकवीस पावलं झाली, आधी सात-आठात जायचे. वळताना भिंत धरली. बाबा म्हणाले, हा व्हिडिओ कुणाला पाठवू नकोस, पाणी काढल्यावरचा पाठव.

पाणी काढल्यानंतर किती वेळ आडवं ठेवतात, कुणाला माहीत आहे का? त्यांना घरी न्यायला रिक्षा चालेल की गाडीच मागू?

---

मांडवीचा_फिजिशियन

आडवं किती वेळ ते तिथेच सांगतील, प्रत्येकाची पद्धत वेगळी. चालायची परीक्षा घ्यायची असल्याने फार वेळ ठेवणार नाहीत. डोकं दुखलं तर आडवं झाल्यावर कमी होतं का ते बघा आणि कळवा त्यांना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच फोन करून सांगा, मंगळवारची वाट बघू नका. गाडी मागा.

---

स्कॅनरूम_१४वर्षं

आणि कमरेच्या तपासणीला किल्ली चालेल, आईंना सांगा 🙂